बोटीवरचे महाराज

जे आजवर कोणालाच सांगितलं नाही ते आधी सांगून टाकतो. ग्रीसच्या त्या बोटीवर आमच्याबरोबर जो आचारी होता, ज्याला आम्ही सगळे 'महाराज' म्हणत होतो, तो माझा सख्खा मामा होता. आईचा धाकटा भाऊ. आठ व्यापारी, मुंबईहून आलेले एक मोठे साहेब, बोटीचा कप्तान, यांतल्या कोणालाच ते ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं आम्हा दोघांना. तो बोलला नाही. मी तर नाहीच.

त्या सहलीचे फोटो घरात आहेत. एका फोटोत मागे, कडेला, पांढरी बंडी घातलेला माणूस परात घेऊन उभा आहे. लग्नानंतर बायकोनं विचारलं, "हे कोण?" मी म्हटलं, "आचारी." ते खोटं नव्हतं. माझ्या मामाला तिनं पाहिलं ते थेट तिरडीवर, त्यामुळे तिला फोटोतला चेहरा ओळखता आला नाही. मी तेव्हाही गप्प बसलो.

नव्वदीनंतरची ती वर्षं. माळव्यात पाणी दरवर्षी खोल जात होतं आणि विहिरीत सोडायचे पंप विकणाऱ्या कंपन्या दरवर्षी वर येत होत्या. आमच्या कंपनीत परदेशी भागीदार आला होता, माधव नगरात काचेच्या दाराचं ऑफिस आलं होतं, आणि त्या दाराआड उज्जैन विभागाचा अधिकारी म्हणून मी. वडील बँकेतून निवृत्त होऊन वर्षभरातच गेले होते, घरात आई आणि लग्नाची धाकटी बहीण. घरातला कर्ता मी, असं सगळे म्हणत. मलाही ते पटलं होतं.

ठरलेला माल उचलणाऱ्या व्यापाऱ्यांना कंपनी आधी भिंतीवरची घड्याळं द्यायची, मग फ्रिज, मग बँकॉक. त्या वर्षी परदेशी भागीदाराच्या कृपेनं ग्रीस निघालं. तेही साधं नाही, खास आमच्यासाठी भाड्यानं घेतलेली बोट, तीन दिवस, एका बेटापर्यंत जाऊन परत. मी ही बातमी द्यायला दुकानोदुकानी फिरलो.

"ग्रीस कहाँ पड़ता है, भिया?" देवासकडचे एक जाडजूड शेट म्हणाले.

"दुबई से आगे."

"तो दुबई ही ले चलते. और आगे काहे को?"

सगळ्यांची अट मात्र एकच, महाराज आपला हवा. निम्म्यांना कांदा-लसूण चालत नव्हता, दोघांना जमिनीखालचं काहीच नाही. तिकडचं अन्न कोणी शिवणारसुद्धा नव्हतं. आणि सहल ठरली होती ऐन श्राद्धपक्षात, कारण त्या पंधरवड्यात दुकानं तशीही थंड असतात. "मुफ़्त का घूमना तो श्राद्ध में ही अच्छा," देवासचे शेट म्हणाले. पण व्यापारी मोकळा असतो त्या दिवसांत उज्जैनचा आचारी मोकळा नसतो. सगळ्या देशातून लोक पितरांसाठी आमच्या गावात येतात, घरोघरी पंगती उठतात. मी ज्याला ठरवलं होतं त्यानं व्हिसाचे कागद द्यायच्या आठवड्यात पाठ फिरवली. शिवाय पासपोर्ट असलेले आचारी उज्जैनमध्ये कितीसे असणार?

एक होता. मामाचा पासपोर्ट ट्रंकेत पडून होता. एका शेटजींच्या घरच्या लग्नासाठी त्याला दुबईला न्यायचं ठरलं होतं, ते बारगळलं, पासपोर्ट राहिला.

माझं आजोळ आचाऱ्यांचं. आजोबा एका संस्थानच्या मुदपाकखान्यात होते. संस्थान गेलं, हातातली चव उरली, ती मामाकडे आली. गोपाळ मंदिरामागच्या एका खोलीत तो राहायचा. जाड भिंगांच्या चष्म्याशिवाय त्याला धड दिसत नसे. मामी लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. माझ्या मुंजीत भिक्षावळीला त्यानं मला खांद्यावर घेऊन अख्खी गल्ली फिरवली होती. मी त्याला अरे-तुरे करायचो, लहानपणापासून. त्याची मला लाज वाटायची तीही लहानपणापासूनच. शाळेत कोणी विचारलं तर मी सांगायचो, मामाचा केटरिंगचा व्यवसाय आहे.

आईनं त्याला विचारलं तेव्हा तो लगेच हो म्हणाला. कारण बहिणीचं लग्न ठरत आलं होतं. आमच्यात मुलीला मांडवात नेसायची पिवळी साडी मामाकडून येते, अष्टपुत्री म्हणतात तिला, आणि तिला हाताला धरून मांडवात आणायचं तेही मामानंच. "नुसती सुती नको गं ताई," तो आईला म्हणाला. "महेश्वरला जाऊन चांगली रेशमी सांगून येतो. मला एकच तर भाची. दुसरं कोणतं लग्न आहे माझ्या घरात?" एवढ्यासाठी तो निघाला. त्याला ग्रीसचं काही नव्हतं. त्याला मांडवात उभं राहायचं होतं.

इंदूरची गाडी देवास गेटवरून निघायची होती. पिठाचे डबे, डाळी, मसाले, हिंगाच्या डब्या, सगळं टपावर चढवून झाल्यावर मी त्याला चहाच्या गाडीशी बाजूला घेतलं.

"मामा, एक सांगायचं होतं. तिथं सगळ्यांसमोर मला नावानं हाक मारू नको."

"मग काय म्हणू?"

"साहेब म्हण. आणि नातं सांगू नको. नातेवाइकाला फुकट फिरवून आणला, असं होईल. मोठे साहेब माझ्या बढतीचं बघतायत."

हे कारण खरं होतं. दुसरंही एक होतं, ते त्याला मी सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही. त्यानं बशीतला चहा संपवला, मिशी पुसली. "बरं साहेब," म्हणाला आणि हसला. त्याला ती गंमत वाटली. निदान तेव्हा.

बोट म्हणजे मी कल्पना केली होती तसलं जहाज नव्हतं. पांढरी, लांबट, दोन डोलकाठ्यांची. खाली दोघादोघांच्या पाच खोल्या. मामासाठी खोली नव्हती, त्यानं जेवणाच्या टेबलामागच्या बाकावर वळकटी टाकली. स्वयंपाकघर आमच्या देवघराएवढं, उभ्यानं वळलं की कोपर भिंतीला लागायचं. शेगडी बोटीबरोबर डुलायची. पहिल्याच दिवशी त्यानं हिंग-मिरचीची फोडणी दिली आणि कप्तान खोकत खोकत खाली आला. उन्हानं भाजलेला, पन्नाशीचा माणूस. ठसका आवरून त्यानं पातेल्यात डोकावलं, बोटानं कढी चाखली आणि मामाच्या पाठीवर थाप मारली. त्या तीन दिवसांत मामाच्या पाठीवर पडलेली ती एकच चांगली थाप.

वारा होता. व्यापारी आडवे झाले, मामाही. फरक इतकाच की व्यापाऱ्यांना आडवं राहायची मुभा होती. तो एका हातानं खांब धरून ओकायचा, चूळ भरायचा आणि पुन्हा बाट्या वळायला घ्यायचा.

"महाराज, बाटी में टाइम लगेगा क्या?" वरून हाक यायची.

"अभी लाया, सेठजी."

"महाराज तो ख़ुद ही चूरमा हो गए!" हशा. मीही हसायचो. मोठे साहेब हसले की मी थोडा जास्त हसायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बोटीच्या मागच्या फळीवर बसलेला दिसला. आजोबांची तिथी होती त्या दिवशी. गेली कित्येक वर्षं ते श्राद्ध त्यानं कधी चुकवलं नव्हतं. ओंजळीत समुद्राचं पाणी, त्यात काळे तीळ, तोंड दक्षिणेला. दक्षिण कुठली ते त्यानं कप्तानाला खुणेनं विचारून घेतलं होतं. मी वर कठड्याशी उभा होतो. ते माझेही आजोबा होते. दोन पायऱ्या उतरून मी त्याच्याजवळ जाऊ शकलो असतो. पण देवासचे शेट दात घासत बाजूला आले आणि म्हणाले, "देखो, महाराज ने यहाँ भी दुकान खोल ली." मी म्हटलं, "पुरानी आदत है."

दुपारच्या आत बेट आलं. नाव मला तेव्हाही नीट घेता येत नव्हतं. पांढरी घरं डोंगरावर ओळीनं चढत गेलेली, पायऱ्या, एक निळा घुमट. बोट एका खाडीत थांबली. पाणी इतकं नितळ की नांगराची साखळी तळापर्यंत दिसत होती. कप्तानानं सगळ्यांना नारिंगी जाकिटं दिली आणि सांगितलं, पोहा. आठही व्यापारी जाकिटं बांधून रांगेत उभे राहिले आणि कोणी उतरेना. मोठे साहेब खुर्चीत बसून कंटाळले होते. त्यांच्या चेहऱ्यावर कंटाळा दिसला की मी काहीतरी करायला उठायचो.

"कोई तो शुरुआत करो, यार," ते म्हणाले. म्हणाले सगळ्यांना, पाहिलं माझ्याकडे.

"पहले महाराज को उतारो," कोणीतरी म्हणालं. "ठंडा है कि गरम, पता चल जाएगा."

मामा त्या मागच्या फळीवरच होता. भज्यांचं पातेलं विसळत होता, पाठ आमच्याकडे. मला पोहता येत नाही आणि त्याला उत्तम येतं, क्षिप्रेच्या पुरात पोहलेला माणूस, हे तिथं मला एकट्यालाच ठाऊक होतं. त्यामुळे तो बुडेल असं मला क्षणभरही वाटलं नाही. मी हे माझ्या बाजूनं सांगत नाही. उलट सांगतोय. मला भीती असती तर मी थांबलो असतो.

मी दोन पायऱ्या उतरलो. सकाळी उतरलो नव्हतो त्याच. आणि दोन्ही हातांनी त्याला पाठीत ढकललं.

पातेलं आधी पडलं, मग तो. टाळ्या वाजल्या. मोठे साहेब खुर्चीतून उठून हसले. मामा वर आला, बंडी फुगलेली, केस डोळ्यांवर. ज्यानं ढकललं तो कोण हे पाहायला त्यानं मान वळवली आणि त्याच्या तोंडातून माझं घरचं नाव निघालं. म्हणजे निघत होतं. पहिलं अक्षर मी ऐकलं. मग त्यानं तोंड मिटलं, खारं पाणी गिळलं, आणि म्हणाला, "साहेब, चष्मा गेला."

हशा आणखी वाढला.

कप्तान धावत आला. काय झालं ते त्याला कळलं तेव्हा त्यानं सदरा काढला आणि उडी मारली. दोनदा तळापर्यंत गेला. चष्मा मिळाला नाही, पातेलं मिळालं. वर आल्यावर तो माझ्यासमोर उभा राहून त्याच्या भाषेत काहीतरी बोलला. मला एक शब्द कळला नाही. मोठे साहेब म्हणाले, "क्या बोल रहा है?" मी म्हटलं, "कह रहा है, पातेला मिल गया."

मग सगळे बेटावर जायला निघाले. छोट्या होडीतून चारचार जण. मामा ओल्या धोतराची गाठ मारून माझ्याजवळ आला. आसपास कोणी नव्हतं तरी त्यानं 'साहेब'च म्हटलं.

"साहेब, मीही येऊ का? दिसणार काही नाही. पण इतक्या लांब आलोय, नुसता पाय लावून येईन म्हणतो."

"लोकांना आल्याबरोबर चहा लागेल," मी म्हणालो.

"हो. तेही खरंच."

आम्ही दोन-तीन तास फिरलो. गाढवांवर बसून व्यापाऱ्यांनी फोटो काढले. एका काळ्या कपड्यांतल्या म्हातारीनं ओट्यावर सुकत घातलेली अंजिरं आम्हाला दिली, पैसे घेतले नाहीत. देवासच्या शेटना खात्रीच होती की ती बाई मागाहून पैसे मागेल, म्हणून त्यांनी अंजीर खिशात ठेवलं आणि शेवटपर्यंत खाल्लं नाही. वरून, घुमटापासून, आमची बोट काडेपेटीसारखी दिसत होती. तिच्या कठड्यावर एक पांढरा ठिपका वाळत होता. ते मामाचं धोतर.

परत आलो तेव्हा चहा तयार होता. कप देताना त्यानं हळूच विचारलं, "वर काय आहे रे?"

तो 'रे' ऐकल्याबरोबर मी मागे वळून पाहिलं, कोणी ऐकलं का. कोणी नव्हतं. मी म्हटलं, "काही नाही. दुकानं आहेत."

त्या दिवशी मोठ्या साहेबांना काहीतरी गोड हवं झालं. मामानं शिरा केला. आता इथं एक सांगायला हवं. नैवेद्य दाखवल्याशिवाय मामा कुठलाही पदार्थ चाखत नसे. मुदपाकखान्याची ती रीत, आजोबांपासूनची. मिठाचा अंदाज, साखरेचा अंदाज, सगळा नजरेचा. आणि नजर त्या खाडीच्या तळाशी पडली होती. बोटीवरचे डबे सारखे होते, पांढरे, झाकणाचे. त्यानं बोट लावून जिभेवर ठेवलं असतं तर कळलं असतं. पण वडिलांच्या तिथीच्या दिवशी तो ते करणं शक्यच नव्हतं. त्यानं वाटीभर शिरा बाजूला काढला, हात जोडले, आणि ताटल्या वर पाठवल्या.

पहिला घास मोठ्या साहेबांनी घेतला आणि कठड्यावरून थुंकला. शिऱ्यात साखरेऐवजी मीठ होतं.

मामा पायऱ्यांशी येऊन उभा राहिला. उजव्या हाताच्या बोटावर फोड होता, कढई चाचपडताना भाजल्याचा. तो फोड मी पाहिला. आणि सगळ्यांसमोर, चढ्या आवाजात म्हणालो, "अंधे हो गए हो क्या, महाराज? दस आदमियों का खाना नहीं सँभलता तुमसे?"

कोणाला इतकं नको होतं बहुतेक. देवासचे शेटसुद्धा म्हणाले, "छोड़ो भिया, हो जाता है."

मामानं हात जोडले. आधी त्यांच्याकडे. "गलती हो गई, सेठजी." मग माझ्याकडे वळला. तो माझा चेहरा शोधत होता, त्याला दिसत नव्हता, जरा डावीकडेच पाहत होता. "साहेब, परत करून देतो," म्हणाला.

त्या क्षणापासून सहल संपेपर्यंत त्याचं नाव 'अंधे महाराज' झालं. विमानतळावरसुद्धा. "अरे, अंधे महाराज को पकड़ो, ग़लत प्लेन में न बैठ जाए." ते नाव मी दिलेलं होतं.

दोन महिन्यांत माझी बढती झाली.

भाऊबीजेला तो घरी आला. आईनं ओवाळताना विचारलं, "चष्मा नवीन केलास?"

"जुना समुद्रात पडला गं. वाकायला गेलो, सटकला."

"आणि बेट कसं होतं ते? हा मेला काहीच सांगत नाही."

मग त्यानं बेट सांगितलं. पांढरी घरं, गाढवं, निळा घुमट, पायऱ्या. "आपल्या रामघाटासारख्या पायऱ्या, पण उभ्या. एक म्हातारी होती, तिनं अंजिरं दिली. पैसे नाही घेतले बिचारीनं." चहाच्या वेळी व्यापारी जे बोलले ते सगळं त्यानं ऐकून ठेवलं होतं. बहीण हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होती. मी समोर बसून अनारसा खात होतो. त्यानं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाचवायला पाहिलं नाही की त्याला माझ्याकडे पाहायचंच नव्हतं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

"मुलीला मांडवात तूच आणायचीस," आई म्हणाली.

"म्हणजे काय! साडी सांगून आलोय महेश्वरला."

लग्न मार्गशीर्षात. पत्रिकांच्या यादीत माझ्या बाजूनं ते आठही व्यापारी होते आणि मोठे साहेब होते. त्यांना टाळणं शक्य नव्हतं. व्याही मोठ्या हुद्द्यावरचे, त्यांच्यासमोर कंपनीची माणसं मिरवणं मला हवंच होतं. आणि मंगलाष्टकं सुरू असताना, अंतरपाटाशी, पिवळ्या साडीतल्या माझ्या बहिणीचा हात धरून अंधे महाराज येणार. मी ते चित्र रोज पाहत होतो.

पहिली अक्षत देवाची, दुसरी मामाची. आईनं वाटीत कुंकू लावलेल्या अक्षता, नारळ, सुपारी, पत्रिका असं ताट रुमालात बांधून माझ्या हातात दिलं. "मीच जाणार होते, पण गुडघे ऐकत नाहीत. तू नीट वाकून नमस्कार कर. मानाचं बोलावणं आहे." मी स्कूटर काढली. गोपाळ मंदिरापर्यंत गेलो. त्याच्या गल्लीच्या तोंडाशी थांबलो. तिथून वळलो आणि देवास गेटवर जाऊन एका हॉटेलात बसलो. दोन चहा प्यायलो. मग घरी येऊन तो रुमाल तसाच आईसमोर ठेवला.

"काय झालं?"

"मामानं अक्षत परत केली."

हे पहिलं खोटं.

"परत केली? म्हणजे?"

"म्हणाला, मोठ्या लोकांचं लग्न आहे, आचाऱ्याला कशाला? बोलावणं मामाला आहे की भटारखान्याला, म्हणाला."

आईनं रुमालाची गाठ सोडली, पाहिलं, सगळं जसंच्या तसं होतं. आमच्यात अक्षत परत करणं म्हणजे नातं परत करणं. मी दुसरं काहीही सांगितलं असतं, आजारी आहे, गावाला गेलाय, तर ती रिक्षा करून त्याच्या दारात गेली असती. हे सांगितल्यावर ती जाणार नाही, हे मला माहीत होतं, म्हणूनच मी हे निवडलं. "बरं," म्हणाली. "माझं बोलावणं घरपोच गेलं. आता त्याचं तो जाणे."

लग्नाला चार दिवस राहिले असताना ऑफिसचा शिपाई आत आला. "साहब, कोई महाराज आए हैं. कह रहे हैं, पहचानते हैं आप."

मामा काचेच्या दाराशी चपला काढून उभा होता. हातात कागदात बांधलेला एक चपटा पुडा. आत केबिनमध्ये आम्ही दोघंच होतो तरी तो बसला नाही.

"साहेब, एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "अक्षत आली नाही अजून. ताईच्या लक्षातून राहिलं असेल. म्हटलं, घरी जाऊन विचारणं बरं दिसत नाही, तुम्हाला विचारावं."

माझ्या खोलीत, माझ्या मामानं, मला 'तुम्ही' म्हटलं. मी तेव्हा थांबू शकलो असतो. अजूनही वेळ होती, चार दिवस होते.

"आईनंच नको म्हटलंय," मी म्हणालो. "व्याही मोठे आहेत. आचारी मामा मांडवात... तिला ते बरं वाटेना. तुला कसं सांगायचं म्हणून मी थांबलो होतो."

हे दुसरं.

त्यानं टेबलावरचा पंपाचा छोटा नमुना बोटानं जरा सरकवला. शोभेचा होता, पितळी. मग म्हणाला, "ताई म्हणाली असं?"

"हो."

"मग बरोबर असेल." त्यानं पुडा टेबलावर ठेवला. "ही पोरीला द्या. माझी म्हणून सांगू नका, ताईला अवघड होईल. दुकानातून आणली म्हणा." दाराशी जाऊन चपला घालताना तो पुन्हा वळला. "तिला विचारणार नाही मी. काळजी करू नका. मी विचारलं आणि ती हो म्हणाली, तर मग?"

पुडा मी सोडला. पिवळी महेश्वरी, काठ जांभळा. आईनं तेवढ्यात बाजारातून एक सुती पिवळी आणून ठेवली होती, भावाच्या नावानं शिव्या देत आणि रडत. ही नेली असती तर ती कुठून आली ते सांगावं लागलं असतं. मी ती कपाटाच्या खालच्या खणात, जुन्या किमतींच्या यादीखाली ठेवली.

बहिणीला मांडवात आईच्या एका लांबच्या चुलतभावानं आणलं. त्याला तिचं नावही नीट आठवत नव्हतं, वाटेत मला विचारलं. पंगतीत देवासचे शेट माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "सब बढ़िया है भिया, पर दाल-बाटी तो अंधे महाराज से बनवानी थी! बुलाया नहीं?" मी हसलो. आई दोन पावलांवर उभी होती. तिनं विचारलं, "कोण रे अंधे महाराज?" मी म्हटलं, "आहे एक."

आई त्यानंतर नऊ वर्षं जगली. भाऊबीजेला ती चंद्राला ओवाळायची, भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तशी. एकाच गावात, रिक्षानं पंधरा मिनिटांवर भाऊ असताना. ती गेली तेव्हा चक्रतीर्थाच्या स्मशानात मामा आला होता. लांब, लाकडांच्या वखारीशी उभा होता. कोणी त्याला पुढे बोलावलं नाही. बोलावण्याचा हक्क माझा होता. सगळे पांगल्यावर त्यानं चितेला हात जोडले आणि गेला. बहिणीनं त्याला पाहिलं आणि तोंड फिरवलं. "आता कशाला आलाय?" म्हणाली.

दोन वर्षांनी तो गेला. शेजारी मला बोलवायला आले. मूल नव्हतं, अग्नी भाच्यानं द्यायचा. मी दिला. दहावं, तेरावं सगळं रीतसर केलं, काही कमी पडू दिलं नाही. गल्लीतली माणसं म्हणाली, भाचा असावा तर असा. मी ते ऐकून घेतलं. त्याच्या ट्रंकेत पासपोर्ट होता. एक शिक्का, येण्याचा आणि जाण्याचा. कागदोपत्री तो त्या देशात जाऊन आला होता.

बहिणीची मुलगी आता लग्नाची झाली आहे. मागच्या महिन्यात फोनवर ती म्हणाली, "दादा, मामा म्हणून मांडवात तू आणायचंस हिला. आपल्या मामासारखं करू नकोस हं."

मी हो म्हणालो.

साडी घडीवर विरली आहे, पण आहे. ती बहिणीची आहे. तिला ती द्यायची आहे. देताना सांगायचं आहे की मामानं अक्षत परत केली नव्हती, त्याच्यापर्यंत ती पोचलीच नव्हती, आणि आईनं त्याला नको म्हटलं नव्हतं. हे तिला ऐकवल्याशिवाय तिच्या मुलीचा हात धरायचा मला हक्क नाही. आई आणि मामा यांचं देणं आता फिटत नाही. बहिणीचं बाकी आहे.